'वीरपांडिय कट्टबोम्मन' (1959): मराठी प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तमिळ ऐतिहासिक चित्रपटांबद्दल मराठी मित्रमंडळींशी बोलणं निघालं की काही प्रश्न हमखास येतात. त्यांतले बहुतेक फिरून एकाच चित्रपटापाशी येऊन थांबतात. ते प्रश्न आणि माझ्यापरीने त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

हा नेमका कोणता चित्रपट?

बी. आर. पंतुलू यांनी आपल्या 'पद्मिनी पिक्चर्स'तर्फे काढलेला आणि स्वतःच दिग्दर्शित केलेला 'वीरपांडिय कट्टबोम्मन' 1959 च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. नायक शिवाजी गणेशन. संवाद शक्ती टी. के. कृष्णस्वामी यांचे, संगीत जी. रामनाथन यांचं, गीतं कु. मा. बालसुब्रमणियम यांची. जेमिनी गणेशन, पद्मिनी, एस. वरलक्ष्मी, रागिणी, व्ही. के. रामस्वामी, जावर सीतारामन असा भरभक्कम नटसंच. राजसत्ता म्हणजे काय आणि सारा मागण्याचा हक्क कुणाला, या दोन प्रश्नांवर इतका थेट उभा राहिलेला दुसरा तमिळ चित्रपट मी पाहिलेला नाही.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

अठराव्या शतकाचा शेवट. तमिळ मुलखाच्या दक्षिण टोकाला तिरुनेलवेली भागात पांचालंकुरिची नावाचं एक छोटं संस्थान. तिथला पाळेगार कट्टबोम्मन. ईस्ट इंडिया कंपनी त्याच्याकडे थकलेली खंडणी मागते. कलेक्टर जॅक्सन भेटीला बोलावतो, वाटेत ताटकळत ठेवतो आणि शेवटी रामनाथपुरमला भेट होते तेव्हा अटक करायला बघतो. कट्टबोम्मन लढत बाहेर पडतो, त्याचा कारभारी मात्र सापडतो. पुढे मेजर बॅनरमन फौज घेऊन गढीवर चालून येतो. शेजारचा एट्टयपुरमचा पाळेगार इंग्रजांच्या बाजूला. गढी पडते, कट्टबोम्मन निसटतो, पुदुक्कोट्टैच्या हद्दीत पकडला जातो आणि 16 ऑक्टोबर 1799 रोजी कयत्तार इथे त्याला चिंचेच्या झाडाला फाशी दिलं जातं.

शेवट आधी सांगून टाकला म्हणून रागावू नका. तमिळनाडूत हा शेवट शाळकरी पोरांनाही पाठ असतो. तिथला प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तेव्हाही त्याला तो माहीत होताच.

कट्टबोम्मन 'राजा' होता का?

तांत्रिक अर्थाने नाही. सोळाव्या शतकात मदुरैच्या नायक राजांनी आपला मुलूख 72 पाळ्यांमध्ये, म्हणजे छोट्या जहागिरींमध्ये, वाटला आणि प्रत्येकावर एक पाळेगार नेमला. पाळेगाराने सारा गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा, न्यायनिवाडा करायचा, वेळ पडली की फौज घेऊन नायकांच्या मदतीला जायचं. आपल्याकडच्या देशमुख-वतनदारांची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन समजेल. फरक इतकाच की वरची सत्ता मोडली तसे हे पाळेगार आपापल्या गढीत जवळजवळ स्वतंत्र होऊन बसले. नायक गेले, अर्काटचे नवाब आले. नवाब कंपनीच्या कर्जात बुडाले आणि 1792 च्या तहाने पाळेगारांकडून पेशकश, म्हणजे खंडणी, वसूल करण्याचं काम कंपनीने स्वतःकडे घेतलं.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रयतेकडून सारा घेणाऱ्या माणसाकडे एके दिवशी एक परका व्यापारी येऊन म्हणतो, आता तू मला दे. चित्रपटातला सगळा संघर्ष या एका मागणीतून निघतो. पडद्यावर शिवाजी गणेशन सम्राटासारखे वावरतात, दरबार भव्य आहे, मुकुट आहे, भालदार-चोपदार आहेत. प्रत्यक्षातली गढी बरीचशी मातीची होती. पण रयतेच्या नजरेला तो राजाच होता, आणि चित्रपट त्याच नजरेने बघतो. मला हा निर्णय योग्य वाटतो. गढी मातीची दाखवली असती तर इतिहास जास्त बरोबर झाला असता, पण लोकगीतांमधून दीडशे वर्षं तगलेला कट्टबोम्मन त्या पडद्यावर मावला नसता.

जॅक्सनसमोरचा प्रसंग एवढा का गाजला?

तो प्रसंग नीट बघण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जॅक्सनच्या भूमिकेत सी. आर. पार्थिबन. कट्टबोम्मन आत येतो. जॅक्सन चढ्या सुरात विचारतो, वीरपांडिय कट्टबोम्मन म्हणतात ते तुम्हीच का? कट्टबोम्मन तोच प्रश्न, त्याच घडणीत, त्याच सुरात परत करतो: जॅक्सनदुरै (जॅक्सनसाहेब) म्हणतात ते तुम्हीच का? पहिल्याच वाक्याला बरोबरी झाली. इथून पुढे जॅक्सन एकेक आरोप करतो आणि प्रत्येक आरोप तसाच उलटा त्याच्या अंगावर जातो. मग साऱ्याचा विषय निघतो आणि शिवाजी गणेशन यांचा आवाज बदलतो. सुरुवातीला तो खाली आहे, जवळजवळ चौकशी केल्यासारखा. पाऊस आभाळ पाडतं, पीक भुई देते, तुला सारा कशाचा? त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती. आमच्याबरोबर शेतात आलास? मोट ओढून पाणी दिलंस? रोपं लावलीस? तण काढलंस? राबणाऱ्यांसाठी पेजेचं मडकं डोक्यावरून वाहिलंस? आमच्या घरच्या पोरींना हळद वाटून दिलीस? तू आमचा मामा लागतोस की मेहुणा?

शेवटचे प्रश्न ऐका. शेतीपासून सुरू झालेली यादी घरात, नात्यात येऊन पोचते. सारा घ्यायचा तर एक तर तुम्ही मातीत राबलेले असले पाहिजे, नाही तर नात्यातले तरी. जॅक्सन दोन्ही नाही. सत्तेचा अधिकार कशातून येतो, याचं एवढं साधं उत्तर फार कमी नाटककारांना सुचतं. शक्ती कृष्णस्वामींनी ते शेतकऱ्याच्या रोजच्या कामांतून काढलं, कुठल्याही ग्रंथातून नाही. म्हणून चित्रपटगृहात मागच्या बाकांवर बसलेल्या माणसालाही ते आपलं वाटलं.

आणखी एक बघा. एवढ्या लांब भाषणात श्वास कुठे घेतला हे कळत नाही. वाक्यं यमकाने एकमेकांत अडकवलेली आहेत आणि शिवाजी गणेशन प्रत्येक प्रश्नाची पट्टी थोडी थोडी वर नेतात. शेवटचा शब्द म्हणजे शिवी आहे, आणि तो येईपर्यंत त्या शिवीचा हक्क त्यांनी कमावलेला असतो. तमिळनाडूच्या शाळांमधल्या गॅदरिंगमध्ये हा उतारा पिढ्यान्‌पिढ्या म्हटला गेला आहे.

हे संवाद खरोखर झाले होते का?

नाहीत. ते नाटककाराचे आहेत. पण भेट खरी आहे, आणि कागदपत्रांतून दिसणारी भेटही काही कमी नाट्यमय नाही.

1798 मध्ये कट्टबोम्मनकडे 3310 होनांची थकबाकी निघाली होती. जॅक्सनने त्याला रामनाथपुरमला बोलावलं. कट्टबोम्मन निघाला, तर कलेक्टर दौऱ्यावर. तो जाईल त्या गावी हा मागोमाग, आणि प्रत्येक ठिकाणी भेट नाकारलेली. अखेर सप्टेंबर 1798 मध्ये रामनाथपुरमला भेट झाली. हिशेब तपासला तेव्हा बरीचशी बाकी फिटलेली निघाली, 1080 होन तेवढे उरले होते. तरीही कट्टबोम्मन आणि त्याचा कारभारी शिवसुब्रमणिय पिळ्ळै यांना जॅक्सनने तीन तास उभं ठेवलं. बाहेर पडताना चकमक झाली, त्यात लेफ्टनंट क्लार्क मारला गेला आणि पिळ्ळै कैद झाले. कट्टबोम्मनचा भाऊ ऊमैदुरै बाहेर माणसं घेऊन तयार होता, म्हणून कट्टबोम्मन सुटला.

यानंतर जे झालं ते चित्रपटात तितकंसं ठसत नाही. कट्टबोम्मनने मद्रासच्या सरकारकडे तक्रार केली. चौकशी समिती बसली. समितीने त्याला दोषमुक्त ठरवलं, पिळ्ळै सुटले आणि जॅक्सनलाच पदावरून जावं लागलं. त्याच्या जागी लशिंग्टन आला. कंपनीच्याच चौकशीत कट्टबोम्मन जिंकला होता आणि वर्षभराच्या आत त्याच कंपनीने त्याला फाशी दिलं. माझ्या मते ही हकिकत पडद्यावर ठसठशीत यायला हवी होती.

म्हणजे कट्टबोम्मनने सारा भरला होता? मग चित्रपट खोटा का मानू नये?

थकबाकीचे आकडे बघितले तर त्याने बराचसा भरला होता, हे खरं. 'तुला सारा कशाचा' असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात हिशेबाच्या वह्या घेऊन कलेक्टरच्या मागे गावोगाव फिरला. तमिळ लेखकांमध्येही या मुद्द्यावर जोरदार वाद झाले आहेत. कट्टबोम्मन स्वातंत्र्यवीर नव्हता, शेजारच्या गावांवर धाडी घालणारा पाळेगार होता, असं म्हणणारे आहेतच. कंपनीच्या कागदांतही त्याच्यावर लुटालुटीचे आरोप आहेत. अर्थात ते कागद लिहिणारे त्याच्याशी लढत होते, हे वाचताना विसरून चालत नाही.

मला या चित्रपटाची ताकद नेमकी इथेच दिसते. प्रत्यक्षातलं भांडण 1080 होनांचं आणि तीन तास उभं ठेवल्याच्या अपमानाचं होतं. नाटककाराने त्या अपमानाच्या पोटात दडलेला मोठा प्रश्न बाहेर काढला: मला उभं ठेवण्याचा अधिकार तुला दिला कुणी? हा प्रश्न कट्टबोम्मनने त्या दिवशी तोंडाने विचारला नसेल. पण वर्षभराने गढीचे दरवाजे बंद करून तो लढला तेव्हा दुसरं काय विचारत होता? हिशेब इतिहासाच्या पुस्तकात तपासावा, प्रश्न चित्रपटात ऐकावा.

मग संशोधन केलंच नव्हतं का?

केलं होतं. म. पो. शिवज्ञानम यांनी कट्टबोम्मनवर पुस्तक लिहिलं होतं आणि चित्रपटाच्या संशोधनाची धुरा त्यांच्याकडेच होती. मराठी वाचकाला त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. भाषावार प्रांतरचनेच्या काळात मद्रास शहर आणि उत्तर सीमेवरचे तमिळ तालुके आपल्या राज्यात राहावेत म्हणून झालेल्या लढ्याचे ते नेते होते. 1959 च्या मे महिन्यात आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता, हे लक्षात घेऊन चित्रपट बघा. मातीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे तेव्हाचा, रोजच्या वर्तमानपत्रातला होता.

फाशीचा प्रसंग किती खरा?

चित्रपटात कट्टबोम्मन फासापर्यंत ताठ मानेने, तोंडावर सुनावत जातो. हे सगळं भक्तिभावाने रंगवलेलं असणार असं मला वाटायचं. मग बॅनरमनचा अहवाल वाचनात आला. फाशीच्या दुसऱ्या दिवशी त्याने वरिष्ठांना लिहिलं आहे की, चौकशीच्या सबंध वेळात पाळेगाराची वागणूक बेडर आणि बेपर्वा होती. एट्टयपुरमच्या पाळेगाराकडे तो वारंवार तिरस्काराने बघत होता, आणि फाशीकडे जाताना त्याची चाल ठाम होती. वाटेत त्याने आपल्या मुक्या भावाबद्दल काळजी व्यक्त केली. आणि झाडाखाली उभा राहिल्यावर म्हणाला, गढी सोडली हे चुकलं, ती राखताना मेलो असतो तर बरं झालं असतं.

फाशी देणाऱ्याने लिहिलेला हा मजकूर आहे. त्याला कट्टबोम्मनला मोठं करण्याचं काहीच कारण नव्हतं. मी चित्रपट पुन्हा बघतो तेव्हा पडद्यावरच्या गर्जनेमागे मला हे वाक्य ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर गर्जनेपेक्षा ते जास्त आत जातं. अजिंक्य वीराच्या तोंडचं ते नाही. गढी सोडून जंगलात भटकलेल्या आणि त्याची खंत वाटणाऱ्या माणसाचं ते वाक्य आहे.

तो 'मुका भाऊ' म्हणजे ऊमैदुरै. 1801 च्या फेब्रुवारीत तो पाळयंकोट्टैच्या तुरुंगातून निसटला आणि जमीनदोस्त केलेली गढी त्याने पुन्हा उभी केली. शिवगंगेचे मरुदु बंधू त्याला मिळाले. त्याच वर्षी मरुदु बंधू फासावर गेले आणि त्यालाही मृत्युदंड दिला गेला. त्या उठावानंतर पाळेगारी मोडली, शस्त्रं काढून घेतली गेली आणि उरलेले पाळेगार जमीनदार झाले.

एट्टप्पन खरंच फितूर होता का?

एट्टप्पन म्हणजे एट्टयपुरमचा तो पाळेगार. तमिळमध्ये 'एट्टप्पन' म्हणजे आपल्याकडे 'सूर्याजी पिसाळ'. घरभेद्याला हेच नाव लावतात, आणि ते घराघरात पोचवण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. व्ही. के. रामस्वामींनी ही भूमिका अशी केली आहे की ती डोक्यातून जात नाही.

पण एट्टयपुरम आणि पांचालंकुरिची यांच्यात हद्दीवरून जुनं वैर होतं. एट्टयपुरमचे पाळेगार कंपनीच्या बाजूला होते आणि त्यांनी ते लपवलेलंही नव्हतं. ज्याने निष्ठा दिलीच नाही त्याला फितूर म्हणायचं का, हा प्रश्न रास्त आहे. कट्टबोम्मनला प्रत्यक्ष पकडून दिलं ते पुदुक्कोट्टैचा राजा तोंडैमान याने, पण बदनामी एट्टप्पनच्या वाट्याला जास्त आली.

याच एट्टयपुरममध्ये 1882 साली महाकवी सुब्रह्मण्य भारती जन्मले. टिळकांना मानणारे, छत्रपती शिवाजी महाराज आपल्या सैन्याला उद्देशून बोलतात अशी कविता लिहिणारे भारती. एका गावाला एकाच माणसाच्या कृत्याने ओळखू नये, यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शिवाजी गणेशन यांच्या नावाचा आपल्या शिवाजी महाराजांशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. त्यांचं मूळ नाव व्ही. सी. गणेशन. 1940 च्या दशकाच्या मध्यावर सी. एन. अण्णादुरै यांनी शिवाजी महाराजांवर एक तमिळ नाटक लिहिलं. पुढे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झालेले तेच अण्णादुरै. नाटकाचा विषय राज्याभिषेक. तलवारीने राज्य मिळवलेल्या माणसाला राजा म्हणवून घेण्यासाठी आणखी कुणाची परवानगी लागते का, असा त्याचा रोख होता. गणेशन नावाच्या तरुण नटाने महाराजांची भूमिका केली आणि गागाभट्टाच्या भूमिकेत स्वतः अण्णादुरै उभे राहिले. ते काम बघून पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी गणेशनला 'शिवाजी' म्हटलं आणि ते नाव जन्मभर राहिलं.

मला यात एक सरळ धागा दिसतो. रायगडावरच्या राज्याभिषेकाचा पेच ज्याने रंगमंचावर जगला, त्यानेच पुढे जॅक्सनला अधिकाराचा प्रश्न विचारला. पुढेही महाराजांची भूमिका त्यांच्याकडे परत आली: 1970 च्या 'रामन एत्तनै रामनडी'मध्ये एका नाट्यप्रवेशात, आणि 1973 च्या तेलुगू 'भक्त तुकाराम'मध्ये. त्यात तुकोबा झाले होते अक्किनेनी नागेश्वर राव.

कट्टबोम्मनची भूमिका त्यांना कशी मिळाली?

उलट म्हणा, या भूमिकेमुळे ते नट झाले. लहानपणी वडिलांबरोबर त्यांनी गावात कट्टबोम्मनचं कूत्तु बघितलं, म्हणजे रात्रभर चालणारं लोकनाट्य. ते बघून डोक्यात नटाचं वेड शिरलं आणि सातव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून ते नाटक कंपनीत दाखल झाले. हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. नाव झाल्यावर त्यांनी स्वतःच्या 'शिवाजी नाटक मंड्रम'साठी शक्ती कृष्णस्वामींकडून नाटक लिहून घेतलं. ते 1957 मध्ये रंगमंचावर आलं, तुफान चाललं, आणि पंतुलूंनी त्यावरून चित्रपट करायचं ठरवलं.

अभिनय आजच्या मानाने फार मोठ्या आवाजातला वाटतो. असं का?

कारण तो रंगमंचावरून आलेला आहे. शेकडो लोकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत, माइकच्या भरवशावर न राहता आवाज पोचवण्याची ती तालीम आहे. ज्यांनी जुनी संगीत नाटकं किंवा ऐतिहासिक नाटकांची ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. शिवाय आवाज सगळीकडे मोठा नाही. दरबारात आहे, जॅक्सनसमोर आहे, बॅनरमनसमोर आहे. पत्नी जक्कम्माळ आणि मुलीबरोबरच्या प्रसंगांत तोच माणूस अगदी हळू बोलतो. सत्तेसमोर एक आवाज आणि घरात दुसरा, असा तो आराखडा आहे. एकदा हे लक्षात आलं की आरडाओरडा वाटत नाही. पहिला अर्धा तास कानांना सवय होऊ द्या.

गाणी आणि स्त्रीपात्रं?

'इन्बम पोंगुम वेण्णिला' हे पी. बी. श्रीनिवास आणि पी. सुशीला यांचं द्वंद्वगीत आजही रेडिओवर लागतं. जी. रामनाथन यांना शास्त्रीय रागांवर चाली बांधण्याचा हातखंडा होता, तो इथे जागोजागी दिसतो.

पद्मिनीची वेळ्ळैयम्माळ आणि जेमिनी गणेशनचा वेळ्ळैयदेवन यांचं प्रेम एका मारक्या बैलापासून सुरू होतं. त्याला जो लोळवेल तो नवरा. हलकीफुलकी वाटणारी ही जोडी शेवटच्या भागात चित्रपटाचा सगळा भार उचलते. तिला वाईट स्वप्न पडलेलं असतं, ती नवऱ्याला रणावर जाऊ नको म्हणून विनवते. तो जातो आणि पडतो. मग ती स्वतः रणात उतरते आणि त्याला मारणाऱ्याला मारून प्राण सोडते. कट्टबोम्मनच्या भाषणांपुढे या भागाकडे समीक्षकांचं लक्ष कमी जातं. मला तो चित्रपटातला सर्वात सच्चा भाग वाटतो, कारण राजाच्या मानापायी प्रजेला काय मोजावं लागतं ते इथे दिसतं.

पुरस्कार वगैरे मिळाले का?

हो. 1960 मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात शिवाजी गणेशन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि जी. रामनाथन यांना संगीताचा पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय पुरस्कारांत तमिळ चित्रपटांमध्ये गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. चित्रीकरण गेवाकलर या रंगीत फिल्मवर झालं आणि टेक्निकलर प्रती लंडनला काढल्या गेल्या. 2015 मध्ये डिजिटल रूपात तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि साठीच्या घरात पोचलेल्या या चित्रपटाला तरुण प्रेक्षकही आले.

त्या वेळी तंजावरचे मराठे काय करत होते?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारलाच पाहिजे. व्यंकोजीराजांनी उभं केलेलं भोसल्यांचं राज्य कट्टबोम्मनच्या गढीपासून उत्तरेला, कावेरीच्या काठी. गादीवर सरफोजीराजे दुसरे. 25 ऑक्टोबर 1799 रोजी झालेल्या तहाने त्यांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. कयत्तारच्या फाशीनंतर नऊ दिवसांनी.

सरफोजीराजांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा जो विस्तार केला तो आजही अभ्यासकांना पुरतो. पण या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कंपनीची रीत स्पष्ट दिसते. जो वाकेल त्याला तनखा आणि मानमरातब, जो अडेल त्याला झाड. चित्रपटात फक्त दुसरी बाजू आहे. आपण मराठी प्रेक्षक पहिली बाजूही मनात धरून तो बघू शकतो.

कट्टबोम्मन मूळचा तेलुगू होता, हे खरं का?

त्याचे पूर्वज तेलुगू भाषक नायक समाजातले होते. पूर्वेकडची बरीच पाळी अशा नायकांकडे होती, पश्चिमेकडची मरवर समाजाकडे. पडद्यावरचा कट्टबोम्मन मात्र झळझळीत साहित्यिक तमिळ बोलतो. यात मला काही वावगं वाटत नाही. लोकगीतं त्याची तमिळमध्येच रचली गेली, तिरुचेंदूरचा मुरुगन, म्हणजे कार्तिकेय, हे त्याचं श्रद्धास्थान. तिरुचेंदूरच्या पूजेची घंटा झाली की वाटेवरच्या मंडपांतल्या घंटा एकामागून एक वाजत गढीपर्यंत येत आणि मगच तो जेवायला बसे, अशी त्या भागात जनश्रुती आहे.

या जागा आज बघता येतात का?

येतात. पांचालंकुरिची तूतुकुडी जिल्ह्यात ओट्टपिडारमजवळ आहे. मूळ गढी इंग्रजांनी भुईसपाट केली. आज दिसते ती 1974 मध्ये तमिळनाडू सरकारने बांधलेली स्मारक-गढी. कयत्तार तिरुनेलवेलीहून मदुरैकडे जाणाऱ्या महामार्गावर, कोविलपट्टीच्या अलीकडे आहे. तिथे कट्टबोम्मनचा पुतळा आहे, तो शिवाजी गणेशन यांनी पुढाकार घेऊन उभारला. मदुरै-कन्याकुमारी करणारे मराठी पर्यटक या रस्त्याने हजारोंनी जातात. थोडा वेळ काढून थांबा. एट्टयपुरमला भारतींचं घरही जवळच आहे.

तमिळ येत नाही. कसा बघू?

चित्रपट 'अमर शहीद' नावाने हिंदीत डब झाला होता. तरी मी म्हणेन, मूळ तमिळच उपशीर्षकांसह बघा. शिवाजी गणेशन यांचा आवाज काढून घेतला तर अर्धा चित्रपट गेला. तीन तासांहून मोठा आहे, दोन बैठकींत बघितला तरी चालेल. आधी जॅक्सनचा प्रसंग एकटा बघून मग सुरुवातीपासून बसलात तर आणखी बरं. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही बसवा. त्यांना भाषा लागत नाही, मी बघितलं आहे.

हा आवडला तर पुढे काय बघावं?

त्याच वर्षी आलेला 'शिवगंगै सीमै'. कवी कण्णदासन यांनी मरुदु बंधूंवर तो काढला होता, नायक एस. एस. राजेंद्रन. त्या काळी कट्टबोम्मनपुढे तो झाकोळला गेला, पण कट्टबोम्मननंतरची गोष्ट त्यातूनच कळते. मग पंतुलूंचाच 1961 चा कन्नड 'कित्तूर चेन्नम्मा', बी. सरोजादेवींचा. कित्तूर बेळगावच्या शेजारी, त्यामुळे तो मुलूख आपल्या ओळखीचा. आणि त्याच वर्षीचा 'कप्पलोट्टिय तमिळन', पुन्हा पंतुलू आणि शिवाजी गणेशन. इंग्रजांच्या आगबोटींना टक्कर द्यायला स्वदेशी जहाज कंपनी काढणाऱ्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांची ही गोष्ट. ते टिळकांचे अनुयायी आणि जन्माने ओट्टपिडारमचे, म्हणजे कट्टबोम्मनच्या गढीच्या अगदी शेजारचे.